एका छपराखालच्या दोन गाड्या : दिएपचा कारखाना, आल्पीन कूपे आणि रेनो ५

मोटारींविषयीच्या लेखनात कूपे आणि हॅचबॅक हे दोन प्रकार सहसा एकमेकांसमोर प्रतिस्पर्धी म्हणून उभे केले जातात. कूपे म्हणजे दोन दारांची, मागे उतरत जाणाऱ्या छपराची बसकी गाडी, जिच्यात माणसे दोन आणि सामान नावापुरते मावते. हॅचबॅक म्हणजे मागची काच आणि झाकण एकत्र वर उचलता येईल अशी, घरच्या रोजच्या वापराची आखूड गाडी. या दुसऱ्या प्रकारच्या गाडीत जास्त ताकदीचे इंजिन, कडक सस्पेन्शन आणि रुंद टायर बसवून तिला शर्यतीच्या गाडीचा स्वभाव दिला की तिला ‘हॉट हॅचबॅक’ म्हणण्याचा प्रघात १९७० च्या दशकानंतर पडला. कूपे हौसेची आणि हॅचबॅक गरजेची, अशी ही विभागणी वरवर पटण्याजोगी आहे; परंतु फ्रान्समधल्या दिएप या गावात ती टिकत नाही, कारण तिथल्या एकाच कारखान्यातून आल्पीन ए११० ही फ्रेंच स्पोर्ट्स कूपेही बाहेर पडली आणि रेनो ५ आल्पीन ही हॉट हॅचबॅकच्या पहिल्या पिढीतली गाडीही. या दोन गाड्यांची तुलना म्हणूनच एका घरातल्या थोरल्या-धाकट्यांच्या तुलनेसारखी करावी लागते, आणि तीत धाकटीने थोरलीला वाईट दिवसांत पोसले हा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे.

दिएप हे नॉर्मंडीतले, इंग्लिश खाडीच्या काठावरचे जुने बंदर आहे. हस्तिदंतावरील बारीक कोरीवकामासाठी ते काही शतके प्रसिद्ध होते आणि तिथल्या किल्ल्यातील संग्रहालयात त्या कामाचे नमुने आजही जपलेले आहेत. मोटारींशी या गावाचा संबंध कारखान्याच्या पन्नास वर्षे आधी जडला. १९०७, १९०८ आणि १९१२ या तीन वर्षी फ्रान्सची ग्रां प्री शर्यत दिएपच्या परिसरातील सार्वजनिक रस्त्यांवर झाली. एक फेरा सुमारे ७७ किलोमीटरचा होता. त्यातली १९१२ ची शर्यत विशेष ध्यानात ठेवण्यासारखी आहे, कारण तीत झॉर्झ ब्वालोने ७.६ लिटर इंजिनाच्या प्यूजोतून १४ लिटरहून मोठ्या इंजिनांच्या फियाट गाड्यांना मागे टाकले. त्या काळी ताकद हवी असेल तर इंजिन मोठे करावे असा सरधोपट हिशेब होता. प्यूजोच्या रचनाकारांनी त्याऐवजी प्रत्येक सिलिंडरला चार झडपा आणि त्या उघडझाप करणारे दोन कॅमशाफ्ट इंजिनाच्या माथ्यावर बसवले, म्हणजे हवा व इंधन आत घेण्याची आणि धूर बाहेर टाकण्याची वाट मोकळी करून छोट्याच इंजिनातून जास्त काम काढून घेतले. थोडक्यात भागवण्याचा हा विचार पुढे त्याच गावात एका वेगळ्या रूपात रुजला.

तो रुजवणारा माणूस म्हणजे ज्याँ रेदेले (१९२२–२००७). दिएपमधल्या रेनो विक्रेत्याचा हा मुलगा पॅरिसच्या एचईसी या नामांकित संस्थेत व्यापाराचे शिक्षण घेऊन दुसऱ्या महायुद्धानंतर वडिलांच्या धंद्यात आला आणि दुकानात विकायला असलेल्या रेनो ४सीव्ही गाड्याच शर्यतींत उतरवू लागला. ४सीव्ही ही युद्धोत्तर फ्रान्सची सामान्य माणसाची गाडी होती. चार दारे, जेमतेम ७४७ सीसीचे इंजिन आणि तेही मागच्या बाजूला, म्हणजे रचनेपुरती आपल्याकडच्या टाटा नॅनोची आठवण करून देणारी. अशा गाडीने रेदेलेने इटलीतल्या मिल्ले मिलिया शर्यतीत आपल्या गटात विजय मिळवले, आणि आल्प्सच्या घाटांतून जाणाऱ्या ‘कूप देझाल्प’ या रॅलीतल्या यशाचा व आनंदाचा ठसा एवढा खोल होता की पुढे १९५५ मध्ये स्वतःची कंपनी काढताना त्याने तिला आल्पीन हे नाव दिले.

पहिली आल्पीन, ए१०६, ही रेनोच्या सुट्या भागांतून उभी राहिली. तिच्या नावातला १०६ हा आकडासुद्धा ४सीव्हीच्या कारखानी क्रमांकावरून आलेला आहे. चाके, इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक हे सगळे तयार मिळत होते. प्रश्न होता तो बाहेरच्या कवचाचा. पोलादी पत्र्याचे कवच करायचे तर अवजड प्रेस आणि प्रत्येक भागाचे स्वतंत्र साचे लागतात, आणि हा खर्च हजारोंनी गाड्या विकल्या तरच वसूल होतो. रेदेलेने शाप बंधूंच्या कारखान्यात फायबरचे कवच करून घेतले: साच्यावर काचेच्या बारीक धाग्यांचे कापड अंथरायचे, त्यावर ब्रशने रेझिन चढवायचे, थरावर थर वाळू द्यायचा आणि शेवटी अख्खे कवच साच्यातून उचलून घ्यायचे. एक साचा, चार कारागीर आणि थोडी जागा एवढ्यावर हे काम होते आणि जे निघते ते पत्र्यापेक्षा हलके असते. आल्पीनचा हलकेपणा हा पुढे तिचा धर्म बनला हे खरे, पण त्याचा उगम भांडवलाच्या तुटवड्यात होता ही गोष्ट तिच्या चाहत्यांनी लिहिलेल्या इतिहासांत फारशी ठळकपणे येत नाही. १९५५ च्या उन्हाळ्यात निळी, पांढरी आणि लाल अशा तीन ए१०६ पॅरिसजवळच्या बियांकूर इथल्या रेनो मुख्यालयाच्या आवारात मांडण्यात आल्या. फ्रान्सच्या झेंड्याचे तीन रंग अंगावर घेऊन उभ्या असलेल्या त्या बुटक्या गाड्यांमागे रेदेलेची मागणी अगदी व्यावहारिक होती: रेनोने सुटे भाग पुरवावेत.

१९६२ मध्ये आलेली पहिली ए११० ही या पद्धतीची परिपक्व अवस्था होय. जोव्हान्नी मिकेलोत्तीने आधीच्या मॉडेलसाठी घडवलेल्या आकारावरून ती उत्क्रांत झाली. तिच्या पोटात पुढून मागे जाणारी एक जाड पोलादी नळी होती, जिला गाडीचा कणा म्हणता येईल. दोन्ही टोकांना चाकांचे सस्पेन्शन, मागे इंजिन, आणि कण्यावर ठेवलेले फायबरचे कवच. इंजिन नव्या रेनो ८ चे होते. ते ज्या कुळातले, त्याला फ्रेंच मिस्त्री ‘क्लेआँ-फोंत’ म्हणतात. क्लेआँ हे दिएपच्याच जिल्ह्यातले कारखान्याचे गाव आणि फोंत म्हणजे बीड, ओतीव लोखंड. या इंजिनाचा दांडगा बिडाचा ठोकळा पुढील तीन दशके रेनोच्या असंख्य गाड्यांतून फिरला, आणि तो या कथेत दोनदा परत येणार आहे. मागच्या आसाच्याही मागे लटकलेल्या इंजिनामुळे वळणावर ए११०चा पार्श्वभाग बाहेर फेकला जाई; चालकाने घाबरून ॲक्सिलरेटर सोडला तर गाडी गिरकी घेई, पण जो तो दाबून धरू शकला त्याला ही घसरणच वळण कापायला मदत करी. बर्फाच्या आणि खडीच्या अरुंद घाटरस्त्यांवर या स्वभावाला तोड नव्हती. १९७१ मध्ये ओव्हे आंदर्सनने तिच्यातून मॉन्टे कार्लो रॅली जिंकली, १९७३ मध्ये ज्याँ-क्लोद आंद्र्युएने पुन्हा जिंकली आणि पहिले तिन्ही क्रमांक ए११०नेच घेतले. त्याच वर्षी सुरू झालेल्या जागतिक रॅली अजिंक्यपदाच्या पहिल्या हंगामात निर्मात्यांचे विजेतेपद आल्पीनला मिळाले. दिएपसारख्या छोट्या गावातल्या कारखान्याने फियाट आणि पोर्शेला मागे टाकून ते मिळवले, याचा अभिमान तिथे अजून विझलेला नाही.

विजयाचे ते वर्षच अडचणीचेही ठरले. तेलसंकटाने पेट्रोल महागले, हौसेच्या गाड्यांची मागणी घसरली आणि आल्पीनची बहुतांश मालकी रेनोकडे गेली. १९७६ मध्ये आल्पीन आणि रेनोची इंजिने जोमदार करणारी गोर्दिनी या दोन्हींचे शर्यत विभाग एकत्र करून रेनो स्पोर्टची स्थापना झाली. रेनोच्या दृष्टीने आता दिएप ही थोड्या संख्येत, हाताच्या कामाने, खास गाड्या बनवू शकणारी जागा होती, आणि नेमक्या त्याच सुमाराला तशा एका गाडीची गरज निर्माण झाली होती.

मिशेल बुएने आरेखित केलेली रेनो ५ ही १९७२ मध्ये आली आणि फ्रान्सच्या गल्लीबोळांत झपाट्याने पसरली. तिच्या रचनेतला एक तपशील जवळून पाहण्यासारखा आहे. मागच्या चाकांना धक्का सोसण्यासाठी स्प्रिंगऐवजी टॉर्शन बार, म्हणजे पीळ बसला की तो उलगडू पाहणाऱ्या पोलादी कांबी, आडव्या बसवलेल्या होत्या. या दोन लांब कांबी एकाच रेषेत मावत नसल्याने एक पुढे व एक मागे ठेवली गेली, आणि परिणामी गाडीच्या डाव्या व उजव्या बाजूंच्या पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर सुमारे ३ सेंटिमीटरने वेगळे राहिले. रस्त्यावरच्या कुणाला हे कधी जाणवले नाही. जागा वाचवण्यासाठी केलेली ही तडजोड म्हणजे एका अत्यंत समजूतदार गाडीची खूण होय.

या गाडीला दिएपमध्ये १९७६ मध्ये आल्पीन हे आडनाव मिळाले. तेच बिडाचे क्लेआँ इंजिन १३९७ सीसीपर्यंत वाढवण्यात आले आणि त्याला अर्धगोलाकार ज्वलनकक्षांचे नवे हेड बसवले गेले. ज्वलनकक्ष अर्धगोल असला की झडपा एकमेकींसमोर तिरक्या ठेवता येतात, त्या मोठ्या करता येतात आणि हवेचा प्रवाह एका बाजूने आत येऊन दुसऱ्या बाजूने सरळ निघून जातो. अमेदे गोर्दिनीने रेनो ८ वर गाजवलेले हे जुने तंत्र होते. त्यातून ९३ अश्वशक्ती निघाली. सुरुवातीच्या साध्या रेनो ५ ची इंजिने एक लिटरपेक्षाही छोटी होती हे लक्षात घेता ही झेप मोठीच म्हटली पाहिजे. पाच गिअर आले, गाडी खाली बसली, आणि वजन राहिले साडेआठशे किलोच्या आसपास. ब्रिटनमध्ये आल्पीन या नावाचा हक्क क्रायस्लरकडे असल्याने तिथे हीच गाडी रेनो ५ गोर्दिनी म्हणून विकली गेली. त्याच वर्षी फोक्सवागनची गोल्फ जीटीआय बाजारात आली, आणि पहिली हॉट हॅचबॅक कोणती यावर तेव्हापासून वाद चालू आहे. सिम्का ११०० टीआय आणि ऑटोबियांकी ए११२ अबार्थ या गाड्या दोघींच्याही आधीच्या असल्याने तो वाद या दोघींपैकी कुणाच्याच बाजूने सुटणार नाही. रेनो ५ आल्पीनचे महत्त्व अग्रक्रमात नसून वंशात आहे. रेदेलेने ४सीव्हीच्या भागांतून ए१०६ उभी केली तेव्हा जे केले, तेच इथे झाले. फरक एवढाच की या वेळी कवच बदलण्याचीही गरज उरली नाही. १९७८ च्या मॉन्टे कार्लो रॅलीत ज्याँ रान्योती दुसरा आणि गी फ्रेकलँ तिसरा आला, तो याच गाडीतून, आणि त्यांच्या पुढे फक्त एक पोर्शे ९११ होती.

त्यानंतरची रेनो ५ टर्बो (१९८०) ही या दोन वंशांची सरमिसळच होती. टर्बो म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर फिरणारा पंखा, जो आत जाणारी हवा दाबून भरतो. तोच १३९७ सीसीचा ठोकळा अशा पंख्यासह मागचे आसन काढून त्या जागी ठेवला गेला, मागची चाके रुंद झाली आणि ताकद १६० अश्वशक्तीवर गेली. बाहेरून ओळखीची हॅचबॅक, आतून दोन आसनांची, मधल्या इंजिनाची कूपे. १९८१ ची मॉन्टे कार्लो रॅली रान्योतीने तिच्यातूनच जिंकली.

हॉट हॅचबॅकच्या यशाची किंमत मात्र कूपेने मोजली. १९८४ मध्ये आलेल्या प्यूजो २०५ जीटीआयने १०५ अश्वशक्ती आणि जेमतेम साडेआठशे किलो वजन या बळावर वळणाच्या रस्त्यावर बहुतेक कूपेंची बरोबरी करून दाखवली, आणि वर मुलांना शाळेत सोडण्याची व बाजारहाट आणण्याचीही सोय दिली. मग दोन आसनांच्या गाडीसाठी वेगळे पैसे कुणी का मोजावेत, या प्रश्नाला आल्पीनकडे चांगले उत्तर नव्हते. तिने मोठे होण्याचा मार्ग घेतला. व्ही६ इंजिने आली, वजन वाढले, आणि १९९१ ची ए६१० ही २५० अश्वशक्तीची उत्तम गाडी असूनही चार वर्षांत जेमतेम आठशेच्या आसपास बनली. १९९५ मध्ये आल्पीन हे नाव थांबले.

कारखाना थांबला नाही, आणि पुढच्या बावीस वर्षांचा हाच काळ इतिहासकारांनी सर्वाधिक दुर्लक्षिलेला आहे. रेनो स्पोर्ट स्पायडर ही उघड्या छताची गाडी काही वर्षे इथे बनली. त्यानंतर २००० पासून क्लिओ आरएस या हॉट हॅचबॅकनी जुळणीची ओळ चालती ठेवली. २००३ ते २००५ मधली दुसऱ्या पिढीची क्लिओ व्ही६ इथलीच, जिच्या मागच्या आसनाच्या जागी तीन लिटरचे इंजिन होते. थोड्या संख्येची जुळणी, तासागणिक बदलणाऱ्या मागण्या, हाताने तपासायच्या फटी आणि जोड, हे कौशल्य कागदावर लिहून ठेवता येत नाही. ते रोज वापरले तरच एका पिढीकडून दुसरीकडे जाते. कूपेच्या अनुपस्थितीत ते जिवंत ठेवण्याचे काम हॅचबॅकने केले.

परतीचा प्रवास सरळ नव्हता. २०१२ मध्ये रेनोचे तेव्हाचे वरिष्ठ अधिकारी कार्लोस तावारेस यांनी जुन्या ए११०च्या पन्नाशीनिमित्त बनवलेली प्रायोगिक गाडी मोनॅकोत चालवून दाखवली. त्याच वर्षी कॅटरहॅम या ब्रिटिश मोटार कंपनीशी भागीदारी जाहीर झाली आणि २०१४ मध्ये ती संपली. रेनोने काम एकट्याने पुढे नेले आणि मार्च २०१७ मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात नवी ए११० समोर आली. पहिल्या आवृत्तीच्या गाड्यांची संख्या कंपनीच्या स्थापनावर्षावरून १९५५ ठेवण्यात आली.

या गाडीत रेदेलेचा हलकेपणा वेगळ्या धातूने आणि वेगळ्या ऐपतीने साधला आहे. सांगाडा आणि कवच ॲल्युमिनियमचे आहेत, आणि ॲल्युमिनियमला वेल्डिंगच्या उष्णतेने येणारा कमकुवतपणा टाळण्यासाठी सांध्यांवर मुख्यतः चिकटद्रव्य आणि रिव्हेट वापरले आहेत. एकेक आसन १३.१ किलोचे आहे. हँडब्रेकची यंत्रणा मागच्या मुख्य ब्रेकमध्येच सामावून अडीच किलो वाचवले, हे ऐकताना हिशेब किती चिकाटीने झाला असेल याची कल्पना येते. एकूण वजन ११०० किलोच्या आसपास राहिले. १७९८ सीसीचे टर्बो इंजिन मागच्या आसाच्या पुढे आले, त्यामुळे जुन्या ए११०ची गिरकी घेण्याची खोड गेली. चारही चाकांना दुहेरी विशबोन, म्हणजे चाकाला वर-खाली दोन त्रिकोणी भुजांनी धरणारी रचना दिल्याने गाडी कलली तरी टायर रस्त्यावर सपाट बसून राहतो, आणि म्हणूनच सस्पेन्शन फार कडक करावे लागले नाही. तिच्या मऊ चालीचे ज्यांना आश्चर्य वाटते त्यांनी हे कारण लक्षात घ्यावे.

ए११० आणि रेनो ५ आल्पीन यांचे आकडे शेजारी ठेवले तर दर टनामागे पहिलीला सुमारे २३० आणि दुसरीला ११० च्या आत-बाहेर अश्वशक्ती मिळते, आणि चाळीस वर्षांच्या अंतराने हे होणारच होते. अधिक बोलका आकडा वजनाचा आहे. चार माणसे नेणाऱ्या १९७६ च्या हॅचबॅकपेक्षा दोन आसनांची ए११० अडीचशे किलोने जड आहे, आणि तरीही आजच्या मापाने ती कमालीची हलकी ठरते. तिच्याच कुळातले इंजिन असलेली २०१८ ची मेगान आरएस तिच्यापेक्षा तीनशे किलोहून जड आहे, आणि जवळपास तिच्याइतकीच ताकद असलेली क्लिओ व्ही६ देखील तेवढीच. दुसरा फरक हातापायांना कळणारा आहे. रेनो ५ आल्पीनमध्ये क्लच दाबून, गिअर हाताने टाकून, पुढच्या चाकांची ओढ थेट स्टिअरिंगवर सोसत गाडी हाकावी लागे. ए११०मध्ये सात गिअर दोन क्लचच्या यंत्रणेतून बोटाच्या इशाऱ्यावर पडतात आणि हाताने गिअर टाकण्याचा पर्याय तिला कधी दिलाच गेला नाही. वेगाच्या दृष्टीने हा निर्णय बरोबर असला तरी ज्या गाडीचे सारे आकर्षण चालकाच्या सहभागात आहे, तिच्यात ही उणीव खरी आहे.

मोठा फरक पैशाचा आहे. पहिल्या आवृत्तीच्या ए११०ची फ्रान्समधली किंमत ५८,५०० युरो होती. रेदेलेच्या गाड्याही स्वस्त नव्हत्या, पण त्या दुकानात विकल्या जाणाऱ्या सामान्य गाडीच्या भागांवर उभ्या होत्या, आणि मोडल्या तर गावातला रेनोचा मिस्त्री त्या दुरुस्त करू शके. नव्या ए११०चा सांगाडा फक्त तिच्याचसाठी घडवलेला आहे, जी चैन रेदेलेला आयुष्यभर परवडली नाही. हलकेपणात ती त्याची वारस आहे यात वाद नाही. परंतु साध्या गाडीतून असाधारण गाडी काढण्याची जी रीत त्याने घालून दिली, तिचा वारसा १९७६ च्या त्या छोट्या हॅचबॅककडे अधिक प्रामाणिकपणे जातो, आणि दिएपच्या इतिहासात तिला आज मिळते त्यापेक्षा पुढचे स्थान मिळायला हवे.

दिएपच्या कारखान्याला आता ज्याँ रेदेलेचे नाव दिलेले आहे. तिथे ए३९० या दोन टनांहून जड, पाच आसनांच्या विजेच्या गाडीचे उत्पादन आले आहे. २०२४ मध्ये दाखवण्यात आलेली विजेवरची आल्पीन ए२९० ही हॉट हॅचबॅक नव्या रेनो ५ वर आधारलेली आहे, पण ती उत्तर फ्रान्समधल्या दुएच्या मोठ्या कारखान्यात बनते. तिच्या पुढच्या दिव्यांवर फुलीची एक खूण आहे: रॅलीच्या रस्त्यावर उडणाऱ्या खडीने काच फुटली तरी तिचे तुकडे विखरू नयेत म्हणून मिस्त्री पूर्वी दिव्यांवर आडव्यातिडव्या दोन चिकटपट्ट्या लावत, त्यांची ही आठवण.